ठेका तोच

१५ नोव्हेंबर २०२०, रविवार

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचं 'शॉट इन द डार्क' हे गाणं येऊन महिना उलटला. परवा, ऐन धनत्रयोदशीला, 'पॉवर अप' हा अख्खा अल्बमही आला. तरी मी अजून त्या एका गाण्यातच अडकलोय.

जो तो एकच बोलतोय: हे तर पूर्वीसारखंच आहे. चाहते खुशीत म्हणतात, बाकीचे नाक मुरडून. आमच्या चिरंजीवांनीही काल खोलीत डोकावून विचारलं, "बाबा, हे जुनंच ना? गाडीत लावता ते?" त्याचं फार चुकलं नाही. सुरुवातीला अँगस यंगची एकटी गिटार, मग ड्रम, मग गायक ब्रायन जॉन्सनचा तो घसा फाडून येणारा आवाज. १९८० सालीही असंच होतं.

पण २०१६ साली या बँडचा कारभार आटोपल्यात जमा होता, हे कुणाला आठवतंय? ऐन दौऱ्यात ब्रायनला डॉक्टरांनी बजावलं, गाणं थांबव, नाहीतर ठार बहिरा होशील. उरलेले कार्यक्रम गन्स अँड रोझेस बँडचा गायक अॅक्सल रोझने निभावले. बेस वाजवणारा क्लिफ विल्यम्स दौरा संपवून निवृत्त झाला. ड्रमर फिल रड त्याआधीच न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेरीत अडकून घरकैद भोगून बसलेला. आणि २०१७च्या नोव्हेंबरात दुसरा गिटारवादक, अँगसचा भाऊ मॅल्कम यंग गेला. स्मृतिभ्रंशाने त्याला २०१४ सालीच बँड सोडावा लागला होता.

शाळकरी गणवेशात उड्या मारणारा अँगस सगळ्यांना माहीत. पण बँड चालायचा तो मागे उभ्या असलेल्या या थोरल्या भावावर. 'बॅक इन ब्लॅक' हे त्यांचं १९८०चं गाणं हेडफोन लावून ऐकलं की दोन भावांच्या गिटारी दोन कानांत वेगळ्या येतात. अँगसची बाजू बंद केली तरी गाणं उभं राहतं. मॅल्कमची बंद केली की सगळं पोकळ. मॅल्कम सगळी जागा सुरांनी भरत नाही, मोकळी सोडतो. तार दाबून आवाज तोडतो, आणि त्या तुटण्यातच ठेका असतो.

आता ती जागा पुतण्या स्टीव्ही यंग सांभाळतो. १९८८ साली मॅल्कम दारू सोडवण्यासाठी बाजूला झाला होता, तेव्हाही अमेरिकेच्या दौऱ्यात हाच उभा राहिला होता. नव्या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांवर अँगस आणि मॅल्कम या दोघांचीच नावं आहेत. दोघांनी मिळून साठवून ठेवलेले जुने तुकडे अँगसने उकरून काढले. ब्रायन कानासाठी खास बनवलेलं यंत्र लावून परतला, क्लिफ आणि फिलही आले, आणि २०१८ साली व्हँकूव्हरला रेकॉर्डिंग झालं. एवढ्या सगळ्यानंतर गाणं 'पूर्वीसारखं' निघालं, तर ती तक्रार कशी काय होऊ शकते?

गाणं ग्रेट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून) पकडते, पण धृपद जरा आळशी आहे, आणि शब्दांकडे तर लक्षच देऊ नये. (यांच्या शब्दांकडे तसंही कोण देतं!) माझ्या हातात असतं तर मी पहिलं गाणं म्हणून याच अल्बममधलं 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' काढलं असतं. त्यात चाल आहे, थोडी हुरहूर आहे, चक्क हळवेपणा आहे. फक्त मग हेच लोक म्हणाले असते, छे, हे काही एसी/डीसीसारखं वाटत नाही बुवा.