ठिपके, कात्री आणि शाल-श्रीफळ

रविवार, रात्री

सत्यजित राय यांचा १९७२ सालचा ‘द इनर आय’ हा माहितीपट आज पुन्हा पाहिला. जेमतेम वीस मिनिटांच्या या चित्रपटात राय यांनी शांतिनिकेतनातील आपले गुरू, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांचे काम दाखवले आहे. बिनोदबिहारींचा एक डोळा लहानपणापासूनच निकामी होता, दुसऱ्याने अगदी जवळचेच दिसे आणि पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीही दृष्टी गेली. तरीही ते काम करत राहिले, हे सगळेच कौतुकाने सांगतात. पण ते काम कसे करत होते, हे विचारणारे थोडे. कागदाची घडी आणि कापलेली कड बोटांना कळते, म्हणून त्यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रे केली, मेणाच्या लहान आकृती घडवल्या आणि घडीच्या कागदी आकारांवरूनच शांतिनिकेतनातल्या कलाभवन या कलाशाळेच्या भिंतीवर फरशांचे मोठे भित्तिचित्र रचले. त्या चित्रातल्या माणसांचे आकार मोजके आणि ठाशीव आहेत, आणि ते तसे का आहेत, हे कात्री धरलेल्या हाताकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.

खरे तर दृष्टी असतानाही हेच घडत होते. तिथल्याच हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर १९४६-४७ मध्ये त्यांनी मध्ययुगीन संतांचे जे भित्तिचित्र केले, ते लांब उभे राहून एका नजरेत मावत नाही. भिंतीच्या कडेकडेने चालत, एका माणसावरून दुसऱ्यावर जात ते पाहावे लागते. ज्याला दूरचे नीट दिसत नव्हते, त्याने इतके लांबरुंद चित्र असे रचले, यात मला तरी योगायोग वाटत नाही. (त्या संतांमध्ये सूरदासही आहेत.)

माझी एक मैत्रीण जन्मांध आहे आणि कविता करते. संगणक वापरत असली तरी कवितेचा पहिला खर्डा ती ब्रेल पाटीवरच लिहिते. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि टोकदार लेखणीने उजवीकडून डावीकडे ठिपके टोचत जायचे. कागद उलटला की उठाव वर येतात आणि ओळ डावीकडून वाचता येते. मराठी ब्रेलमध्ये पहिली वेलांटीही अक्षरानंतर येते आणि जोडाक्षरासाठी पाय मोडण्याचा ठिपका वेगळा द्यावा लागतो, त्यामुळे ‘स्वातंत्र्य’सारखा शब्द ओळीतली बरीच जागा खातो. तिच्या कवितेत जोडाक्षरे इतकी कमी का, हे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, कागद महाग आणि हात दुखतो.” तिच्या ओळींचा तो आखूड, सुटसुटीत ठेका तिथून आला आहे.

हे मला पटते, कारण आमवाताने सकाळी बोटे मिटत नाहीत, तेव्हा मी फोनला सांगून लिहिते. सांगून लिहिताना वाक्य आधी डोक्यात पुरे करावे लागते. मागे जाऊन खोडण्याचा कंटाळा येतो, म्हणून वाक्ये लांबत जातात.

परवा एका संस्थेच्या कार्यक्रमात तिचे काव्यवाचन झाले. शाल, श्रीफळ, जिद्दीला सलाम, सगळे यथासांग पार पडले आणि कवितेविषयी एकही वाक्य कोणी बोलले नाही. मला याचा राग येतो, कारण जिद्दीचे कौतुक करायला कविता ऐकावीच लागत नाही. शिवाय अशा कौतुकात जिद्द एकट्याची असते; कागद कोणी आणून दिला, वाचून कोणी दाखवले, याची नोंद कोठेच होत नाही. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले आणि १९१५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. तेवढ्यात त्यांनी केलेली प्रचंड ग्रंथरचना इतरांनी वाचून दाखवलेल्या आणि लिहून घेतलेल्या शब्दांवर उभी आहे. ती व्यवस्था नसती तर त्यांच्या प्रतिभेचे आज आपल्या हाती काय उरले असते? मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघते, त्याचे मोल मला या दृष्टीने फार वाटते. लिहिणाऱ्याला आपल्याच लिपीत वाचणारे आणि नावे ठेवणारे हवे असतात, सत्कार करणारे नंतर आले तरी चालेल.

कार्यक्रमाहून परतताना रिक्षात मैत्रिणीने मला विचारले, “आता खरे सांग, कुठे सैल वाटली?” मी तिसऱ्या कडव्याचे नाव घेतले. ते कडवे काढायला ती अजून तयार नाही. उलट पहिलेच फार गोड झाले आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि आज फोनवर अर्धा तास आम्ही त्यावरच भांडलो.