जमिनीत गेलेला पाइप

फोनवर पत्ता ऐकला आणि पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी त्या घराची पन्हळ मीच बसवली होती.

"पहिला हिवाळा बरा गेला," आजी म्हणाल्या. "यंदा तळघराची भिंत पुन्हा पाझरतेय. तुम्हीच येऊन बघा."

हिवाळा सरत आला होता. दिवसा छपरावरचा बर्फ वितळायचा आणि रात्री त्याचंच पाणी गोठायचं. आमच्या धंद्यात हे दिवस वाईट. भर पावसात जी चूक झाकून जाते, ती या दिवसांत उघडी पडते.

घराचा उत्तरेचा कोपरा कायम सावलीतला. तिथला उभा पाइप खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फाटला होता. पत्र्याची मागची शिवण, जी भिंतीकडे असते, ती वालाची शेंग उकलावी तशी उकलली होती. आत बोट घातलं तर कडेला अजून बर्फाचा पापुद्रा लागला. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि त्या जोरापुढे पत्र्याची शिवण टिकत नाही. पण शिवण फुटायला आत पाणी उभं राहावं लागतं. ते उभं राहिलं, म्हणजे खाली कुठेतरी तुंबलं होतं.

खाली काय होतं ते मला चांगलं आठवत होतं. जमिनीतून जुन्या काळ्या पाइपाचं तोंड वर आलं होतं. हा कुठे निघतो, असं मी तेव्हा विचारलंही होतं. "पलीकडे उतारावर, असं घर घेताना सांगितलं होतं," एवढंच उत्तर मिळालं. अंधार पडत आला होता. नवा पाइप त्या तोंडात बसवला आणि हत्यारं आवरली. एक बादली पाणी ओतून बघायलासुद्धा थांबलो नाही.

ते आता करायचं होतं. फाटलेला पाइप कापून काढला आणि जुन्या तोंडात बागेच्या नळाची नळी सोडली. मोकळ्या पाइपात पाणी असं वाहून जातं की आवाजही दूर जात राहतो. इथे दीड मिनिटात पाणी तोंडाशी आलं. नळ बंद केला आणि खरी भीती वाटली ती तेव्हा. पाणी हळूहळू खाली उतरू लागलं. पुढे वाट नाही, तरी कमी होतंय, म्हणजे सांध्यातून मातीत जातंय, तेही घराच्या पायाला लागून. पुन्हा नळ सोडला आणि माझ्याबरोबरच्या पोराला टॉर्च देऊन तळघरात पाठवलं. अकराव्या मिनिटाला खालून आवाज आला, "आलं!"

मीही खाली गेलो. सिमेंट ब्लॉकच्या भिंतीवर ओलीबरोबर बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी, बुरशीसारखी झालर चढली होती. तिच्या वर, बाहेरच्या जमिनीच्या पातळीखाली हातभर, एक आडवी बारीक चीर. उभ्या चिरेपेक्षा मला आडवीची धास्ती जास्त. ओली माती बाहेरून भिंत रेटत असते, त्यात ती गोठली की आणखी रेटते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली. "ही खुणेच्या पुढे गेली तर मला नाही, इंजिनिअरला बोलवा," असं आजींना सांगितलं. याआधी त्यांनी भिंतीला आतून दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला होता. पाणी बाहेरून ढकलत असेल तर आतला रंग सुटतोच. तसाच सुटला होता.

पाणी किती, याचा अंदाज लोकांना नसतो. छपराच्या एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. त्या कोपऱ्याला साधारण 60 चौरस मीटर छप्पर उतरत होतं. 20 मिलिमीटर पावसात 1200 लिटर, म्हणजे 200 लिटरचे सहा ड्रम, एकाच जागी ओतायचे. तेही अशा मातीत जी तळघर खणून झाल्यावर परत लोटलेली असते. तो भराव वर्षानुवर्षं खचत राहतो आणि जमिनीचा उतार हळूच घराकडे होतो.

जुन्या पाइपाचं तोंड टोपी घालून कायमचं बंद केलं. आधीचा उभा पाइप 2 बाय 3 इंचांचा होता. त्याऐवजी 3 बाय 4 चा घेतला. ऐकायला फरक थोडा, पण पोट दुप्पट, आणि पानं-बर्फाचे तुकडे अडकत नाहीत. प्रत्येक सांध्यात वरचा तुकडा खालच्याच्या आत. उलटं बसवलेलं मी पाहिलंय, मग सांधा भिंतीवरच ठिबकतो. खाली एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, देऊन 3 मीटरचा आडवा पाइप जमिनीवरूनच पुढे नेला. सरळ नेला असता तर पाणी पायऱ्यांच्या वाटेवर पडलं असतं आणि सकाळी तिथे बर्फाची काच झाली असती. म्हणून बाजूचा एल्बो लावून हिरवळीकडे वळवला, सांध्याला बिजागरी दिली म्हणजे गवत कापताना उचलता येईल.

"पायात येईल की हो हा," आजी म्हणाल्या.

"येईल," मी म्हणालो. "पण तुंबला तर दिसेल. तो खालचा दिसत नव्हता."

मातीचं काम त्या दिवशी झालं नाही. अर्धवट गोठलेली माती कितीही ठोकून दाबली तरी वितळल्यावर खचतेच. जमीन पुरती मोकळी झाल्यावर येऊन चिकणमातीचा भराव घालीन, पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर उतार धरीन, असं कबूल केलं.

पैशांचा विषय त्या काढतील याआधीच सांगून टाकलं, "आजी, मागच्या वेळी पाणी सोडून बघितलं नव्हतं. चूक माझी. आजची मजुरी नको."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "मग आज तरी बघा," म्हणाल्या.

तोवर दुपार कलली होती. पोराने खाली ओलीच्या कडेला खडूची रेघ मारली. मी शिडीवर चढून नळी पन्हळीत सोडली. पाणी हिरवळीवर भरभरून पडू लागलं. दहा मिनिटं झाली, अकरा, पंधरा. रेघ जिथल्या तिथे, असं पोर खालून ओरडलं. मी नळ बंद करायला हात घातला.

"राहू द्या," खालून आजींचा आवाज आला. त्या खुर्ची घेऊन तळघरात भिंतीसमोर बसल्या होत्या. "अजून अर्धा तास राहू द्या."