पडद्याबाहेरची लाट

बाळ ५ महिन्यांचं, देवासहून आलेलं. आईच्या मांडीवर अंग सोडून पडलेलं. फाईलमध्ये आधीच्या ठिकाणचा एनसीव्हीचा, म्हणजे हलका शॉक देऊन नसेचा वेग मोजण्याच्या तपासणीचा रिपोर्ट: चारही हातापायांच्या मोटर (स्नायू हलवणाऱ्या) नसा, ‘प्रतिसाद नाही’. आजींनी दारातच विचारलं, “ताई, नसाच चालत नाहीत म्हणाले. मग परत शॉक कशाला?”

इंदूरमधल्या या खोलीत मी १४ वर्षं हेच काम करते. बाळाच्या तपासणीत निम्मा वेळ ऊब देण्यात जातो. जानेवारी होता आणि हात गार असला की नसेचा वेग उतरतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी दुपट्यात गुंडाळून २० मिनिटं हाताशी धरायला लावली. मनगट ते कोपर मोजलं, जेमतेम ६ सेंटिमीटर. टेप अर्धा सेंटिमीटर सरकली तरी आकडा ८ टक्क्यांनी चुकतो. बाळांची ही तपासणी घाईत उरकणाऱ्यांचा मला राग येतो.

मनगटाशी शॉक दिला. पडद्यावर सरळ रेघ. पण अंगठा हलला, किंचित.

मशीन एरवी शॉकनंतरच्या २० मिलिसेकंदांचाच पट्टा दाखवतं. मोठ्या माणसाला तो पुरतो. मी तो १०० वर नेला. २३व्या मिलिसेकंदाला एक बुटकी, पसरट लाट उठली. कोपराशी शॉक दिल्यावर ३३व्याला. म्हणजे सेकंदाला ६ मीटर. या वयात २५ च्या पुढे हवा. दुसऱ्या हातात, पायांत, सगळीकडे तेवढीच मंद गती. नंतर जडलेला आजार बहुधा इतका सारखा पसरत नाही. हे जन्मापासूनचं वाटत होतं.

मोटर तंतू मज्जारज्जूतून निघून स्नायूपर्यंत पोचतात, आणि श्वान (Schwann) पेशी त्यांच्याभोवती मायलिन या चरबीयुक्त आवरणाचे वेढे देतात; त्यांमुळेच संदेश वेगात धावतो. रॉस हॅरिसन यांनी १९०४ च्या सुमारास बेडकाच्या भ्रूणातून या पेशींचा उगमच काढून टाकला, तरी तंतू उघडेच स्नायूपर्यंत गेले. उंदरांत मात्र श्वान पेशी नसल्या तर तंतू पोचतात आणि पुढे मरतात. या बाळाचे तंतू पोचले होते, जिवंत होते. वेढेच नीट पडले नव्हते.

निदान डॉक्टरांचं; त्यांनी जनुकीय तपासणी लिहून दिली. उपचार फारसे नाहीत, हे मला ठाऊक होतं. आईनं एवढंच विचारलं, “पण नस आहे ना, ताई?”

“आहे,” मी म्हटलं. ती बाळाचा अंगठा धरून बराच वेळ बसली.

दोन महिने हे घर त्या दोन शब्दांवर जगलं होतं. त्या संध्याकाळी मी आमच्या जुन्या फायली काढल्या. लहान मुलांच्या ७ रिपोर्टांवर माझ्याच अक्षरात ‘प्रतिसाद नाही’ आहे. प्रत्येकात पट्टा किती ठेवला होता, ते शोधते आहे.