पेटीत किती टाकले, हे इथे कोणी विचारत नाही

अमेरिकेत आल्यावर मला मिळालेली पहिली नोकरी ज्येष्ठ नागरिकांच्या एका सामुदायिक भोजन केंद्रात होती आणि तीन वर्षांनंतरही मी तिथेच आहे. सकाळी केंद्र उघडून टेबले मांडायची, मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडी आली की गरम अन्नाच्या पेट्या उतरवून घ्यायच्या आणि दुपारी बाराला साठ-सत्तर जणांना जेवण वाढायचे, असे या कामाचे साधे स्वरूप आहे. घरच्या मंडळींना फोनवर हे सांगितले की जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना फुकट जेवण देता का?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

अशा केंद्रांमागे 'ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट' हा कायदा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर १९६५ च्या जुलै महिन्यात स्वाक्षरी केली, १९७२ मध्ये त्यात वृद्धांच्या भोजनाची देशव्यापी तरतूद आली आणि १९७८ मध्ये घरपोच जेवणासाठी स्वतंत्र तरतूद झाली. वयाची ६० वर्षे पूर्ण केलेली कोणतीही व्यक्ती इथे जेवू शकते आणि तिच्या जोडीदाराचे वय कितीही असले तरी त्याला सोबत बसता येते. ज्यांची गरज मोठी आहे त्यांच्यापर्यंत आधी पोहोचा, असे हा कायदा सांगतो. मात्र दारात कोणाच्या उत्पन्नाची चौकशी करण्याची मुभा देत नाही. जेवणासाठी एक रक्कम सुचवलेली असते, ती देणे पूर्णपणे ऐच्छिक असते आणि न देणाऱ्याला परत पाठवता येत नाही. मला या कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते ते याच्याही पुढचे: कोणी किती दिले, हे गुप्त राहिले पाहिजे.

आमच्या केंद्रात त्यासाठी प्रवेशद्वाराजवळ कुलूप लावलेली एक पेटी आणि तिच्या शेजारी कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा ठेवलेला असतो. नोंदवहीत सही करणारा माणूस आमच्याकडे तोंड करून उभा असतो, पण पेटीकडे वळला की त्याची आमच्याकडे पाठ होते, अशा बेताने तिची जागा ठरवलेली आहे. दुपारी आम्ही दोघे जण मिळून पेटी उघडतो आणि रक्कम मोजून दोघांच्या सहीने तिची नोंद करतो. त्यांत काही वेळा रिकामी, पण नीट चिकटवलेली पाकिटेही निघतात. ती कोणाची हे आम्हांला कळत नाही आणि कळू नये अशीच ही व्यवस्था आहे.

अन्नाबाबतचे नियम मात्र अतिशय काटेकोर आहेत. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचा नाही, थंड पदार्थ ४१ अंश फॅरनहाइटच्या वर चढू द्यायचा नाही, आणि प्रत्येक भांड्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसून आकडा लिहून ठेवायचा. तरुण माणूस ज्या पोटाच्या बिघाडातून दोन दिवसांत उठून बसतो, तोच बिघाड ऐंशीच्या घरातल्या माणसाला रुग्णालयात नेऊ शकतो, हे एकदा लक्षात आले की या नोंदींचा कंटाळा येत नाही. एका वेळच्या जेवणातून दिवसभराच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळाला पाहिजे, अशीही अट असते.

नव्याने येणाऱ्या व्यक्तीकडून आम्ही दहा प्रश्नांची एक यादी भरून घेतो. दिवसातून दोन वेळांपेक्षा कमी जेवता का, दातांचा किंवा तोंडाचा त्रास आहे का, रोज तीन किंवा अधिक औषधे घेता का, गेल्या सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन दहा पौंडांनी कमी-जास्त झाले का, अशा या प्रश्नांना गुण ठरलेले असतात आणि बेरीज सहा किंवा त्याहून अधिक झाली तर त्या व्यक्तीच्या पोषणाला मोठा धोका आहे असे धरतात. अन्नासाठी पैसे अपुरे पडतात, या उत्तराला सर्वाधिक चार गुण आहेत आणि ते स्वाभाविकच आहे. पहिल्यांदा ही यादी वाचताना मी थबकले ती "तुम्ही बहुतेक वेळा एकटेच जेवता का?" या ओळीवर. त्याला एकच गुण असला, तरी आहारशास्त्राच्या कागदावर एकटेपणाची नोंद व्हावी, याचे मला त्या दिवशी फार आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार, असे म्हणत बिस्किटांवर दिवस काढणारी माणसे मी इथे इतकी पाहिली आहेत, की त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या सैल झालेल्या बाह्यांवरूनच कळते.

सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. निवृत्त सुतार असलेल्या एका आजोबांचे हात थरथरत आणि सुरी कोंबडीच्या तुकड्यावरून सारखी घसरे. मी मायेपोटीच पुढे झाले आणि काही न विचारता त्यांच्या ताटातले मांस बारीक कापून दिले. ते भरल्या ताटावरून उठले नाहीत, पण त्यांनी काटा खाली ठेवला आणि जेवणाची वेळ संपेपर्यंत त्या ताटाला हात लावला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर करवत आणि पटाशी चालवली, त्याच्या हातातून मी चारचौघांसमोर सुरी काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली. ते फक्त म्हणाले, "मला वेळ लागतो, एवढेच." तेव्हापासून त्यांचे टेबल मी सर्वांत शेवटी पुसते.

नोंदवहीचा खरा उपयोग सव्वाबाराला होतो. रोज येणाऱ्यांपैकी ज्यांची सही दिसत नाही त्यांना फोन करायचा आणि उत्तर आले नाही तर त्यांनी दिलेल्या नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या क्रमांकावर विचारपूस करायची, ही आमच्या केंद्राची रीत आहे. गेल्या हिवाळ्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या एक आजी सलग दोन दिवस आल्या नाहीत. त्या फोनवर आधी सर्दीचे कारण सांगत राहिल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "या महिन्यात सगळे औषधांवर गेले. पाकिटात घालायला काही नाही, मग कोणत्या तोंडाने येऊ?" मी त्यांना सांगितले, की पाकिटांवर नाव नसते, त्यामुळे कोणाचे कोणते हे आम्हांलाही कळत नाही, आणि त्यांच्या टेबलावरच्या मैत्रिणी दोन दिवस त्यांची खुर्ची अडवून बसल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. त्यांनी सही केली, पेटीकडे वळून पाकीट आत टाकले आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या दुपारी मोजताना तीन रिकामी पाकिटे निघाली.