डाळीचं पाणी आणि ८.७

रिपोर्टवर हिमोग्लोबिनसमोर ८.७ होतं आणि शेजारी खाली तोंड केलेला एक बाण. मनू तेव्हा एकोणीस महिन्यांची. खरं तर आम्ही सर्दीचं औषध आणायला गेलो होतो. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि विचारलं, "माती-बिती खाते का?"

खात होती. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली. आम्ही त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, मावश्यांनी हसण्याच्या बाहुल्या पाठवल्या होत्या.

"बाकी जेवण?"

"सगळं घरचं," मी म्हणालो. आवाजात थोडा तोरा होताच. "पाकिटातलं बंद केलंय आम्ही."

त्याचं असं झालं होतं. नेहाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि ती बँकेत परत रुजू झाली. मनूचं वरचं अन्न सुरू करायची वेळही नेमकी तीच. मग डब्यातली तयार खिमट आली: पाणी गरम करा, पावडर कालवा, भरवा. दहाव्या महिन्यापर्यंत तेच चाललं. मग मी मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले, लेबलवरची साखर वाचली आणि एका रात्रीत डबा उचलून कचऱ्यात टाकला. आई खूश. "तुम्हा दोघांना मी काय डब्यावर वाढवलं?" तेव्हापासून डाळीचं पाणी, भाताची पेज, दूध. सगळं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात केलेलं.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "तीन दिवस लिहून आणा. वाटीत काय वाढलं ते नको, पोटात काय गेलं ते."

दुसऱ्या दिवसाचं पान अजून माझ्याकडे आहे. सातला बाटली, २०० मिली, त्यात 'ताकदीची' पावडर. साडेआठला दोन बिस्किटं, दुधात बुडवून. आजीच्या बशीतला चहा, दोन घोट. साडेदहाला बाटली. साडेबाराला डाळीचं पाणी अर्धी वाटी, भाताची शितं असतील-नसतील, समोर मोबाइल. दोनला झोपताना बाटली. साडेचारला तीन बिस्किटं, मूठभर ममरा (कुरमुरे). सहाला वरच्या मासींकडे एक गाठिया. सातला बाटली. साडेआठला पोळीचा तुकडा, त्यापुढे नेहाच्या अक्षरात 'थुंकला'. साडेनऊला बाटली.

पाच बाटल्या. एक लिटर दूध, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन थैल्या. एवढ्याशा पोटात त्यानंतर दुसरं काय मावणार?

बाईंनी पेनाने बाटल्यांभोवती गोल केले. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं; ते कमी पडलं की काही मुलं माती खायला लागतात. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो, पुढे तो अन्नातूनच यावा लागतो. दुधात लोह जवळजवळ नाही, वर त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. चहाही तेच करतो. मग त्यांनी डाळीच्या पाण्यावर बोट ठेवलं. "आणि खालची डाळ कोण खातं?"

आम्ही खात होतो.

आणि मी जो डबा ऐटीत फेकला होता, त्यात लोह मिसळलेलं होतं. मी लेबलवरची साखर वाचून थांबलो होतो, चार ओळी खाली गेलोच नव्हतो. बाई म्हणाल्या, "डबा बंद केलात त्याचं काही नाही. त्याच्या जागी काही आणलं नाहीत." दर रविवारी आमच्या घरात मटण शिजतं आणि पोरीला काय, तर वरणाचं वरचं पाणी, का तर ती लहान! रिक्षात बसलो तेव्हा नेहा आणि मी एकमेकांशी काही बोललो नाही.

लोहाचे थेंब सुरू झाले. ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत, त्याआधी-नंतर वेळ सोडायचा, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. शी काळी होईल, घाबरायचं नाही. (तरी आई घाबरलीच.) पण थेंब हा सोपा भाग होता. खरं काम होतं ते दूध दिवसाला पाचशेच्या आत आणायचं आणि तेही बाटलीतून नाही, पेल्यातून.

पहिले चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. दुपारी दोनला मनू बाटलीसाठी रडायला लागायची ती साडेतीनला दमून झोपायची. खालचे किराणावाले शेठ विचारायला आले. वरच्या मासी येऊन म्हणाल्या, "छोकरी सुकाई गई छे, भाई." पाचव्या दिवशी कंपनीतून फोन केला तर आई म्हणाली, आज शांत झोपली बघ. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी देवघराच्या खणात वातींच्या डब्यामागे बाटली सापडली, धुतलेली, आणि तिच्या शेजारी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा.

मी चिडलो. नको ते बोललो. त्या पुड्यावर शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅमच्या वर साखर लिहिली होती, ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू नऊ ते सात नंदेसरीला कंपनीत. ती बँकेत. माझे गुडघे बघ. लेकरू रडत ठेवू का मी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाटली आणि बिस्किटं मनूची सोय नव्हतीच. ती सहासष्ट वर्षांच्या बाईची सोय होती, जिच्यावर आम्ही पोर टाकून निघून जात होतो आणि वर तिच्याकडून 'घरचं' मागत होतो. 'घरचं' म्हणजे कोणी केलेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या हातून तोवर मनूसाठी एक वाटी वरणही झालं नव्हतं.

त्या रविवारपासून मी साडेपाचला उठायला लागलो. कंपनीची बस पावणेआठला असते. पहिल्या आठवड्यात खिचडी दोनदा करपली. मग एक युक्ती सापडली, ती युक्ती तरी कसली, बाईंनीच सांगितलेली: तिच्यासाठी वेगळं काही शिजवायचंच नाही. भांडं एकच, तिखट-मीठ घालायच्या आधी तिची वाटी बाजूला काढायची. वरणाची घट्ट डाळ तिला, पातळ आम्हाला. पालक घातलेली मुगाची खिचडी, वर तूप आणि लिंबू. मटणाच्या जागी बारीक खिमा, कुकरला भरपूर शिट्ट्या. उकडलेलं अंडं भातात कुसकरून. घट्टपणाची खूण सोपी आहे: चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये. या वयाला दिवसातून तीन-चार जेवणं, एका वेळी पाऊण ते एक वाटी, मध्ये एखाद-दोन वेळा खाऊ. मोबाइल बंद.

थंडी सुरू झाली होती. खंडेराव मार्केटमधून मेथी, लीली तुवेर (तुरीचे ओले दाणे) आणि सरगव्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला आणायचो. नाचणीची धिरडी मनूने पहिल्यांदा माझ्या शर्टावर पुसली, दुसऱ्यांदा खाली टाकली. पाचव्यांदा चावून थुंकली. नवी चव मूल आठ-दहा वेळा समोर आल्यावर स्वीकारतं असं वाचलं होतं, म्हणून फ्रिजवर कागद लावून खुणा करत गेलो. धिरड्याच्या अकरा खुणा आहेत. सरगव्याला मात्र चौदा झाल्या आणि अजून तो ती खात नाही. ठीक आहे.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांचा एक नियम बाईंनी सांगितला होता: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला छान आहे. तीन चमचे खाऊन पोर तोंड फिरवते तेव्हा वाटी उचलून ठेवणं हे आपल्याकडच्या माणसाला किती जड जातं, ते करून बघा. "एक चिऊचा, एक काऊचा" आईच्या जिभेवरून जायला महिना लागला. माझ्या जिभेवरूनही.

वळण आणलं ते मासींनी. 'सुकाई गई' म्हणणाऱ्या त्याच. दुधी-मेथीचे वाफवलेले मुठिये घेऊन आल्या आणि मनूच्या हातात एक तुकडा दिला, भरवला नाही. तिने तो फिरवून पाहिला, वास घेतला, कोपरा कुरतडला. मग दुसरा हात पुढे केला. कोणी न भरवता तिने पूर्ण खाल्लेला हा पहिला पदार्थ. आता दर रविवारी मी मुठियांचा एक घाणा वाफवून फ्रिजमध्ये ठेवतो. साडेचारला आईने फक्त गरम करायचे. आईने तिच्या बाजूने भाजणी दळून आणली, मेतकूट केलं. डब्यातलं काढा, पाण्यात कालवा, दहा मिनिटांत थालीपीठ. हेही 'इन्स्टंट'च की, फक्त पुडा आमच्या घरातला. मी हे बोलून दाखवलं तर आईला ते मुळीच आवडलं नाही.

दुधातली 'ताकदीची' पावडर बंद केली. तिच्यासाठी आईशी भांडावं लागलं नाही, कारण एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं होतं, ती बातमी मी तिला दाखवली. मुलापेक्षा सरकारवर तिचा विश्वास जास्त! गंमत म्हणजे दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला आपल्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर बाळाचा फोटोही छापता येत नाही. दोन वर्षं झाली की मात्र रान मोकळं.

पाकिटं घरातून हद्दपार झालीत असं नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा मुलगा मनूच्याच वयाचा. त्याला अंगणवाडीतून 'बालशक्ती' या सरकारी पूरक आहाराचं पाकीट मिळतं, त्या त्याचा तुपात शिरा करतात. ते पाकीटच आहे, आणि माझ्या डाळीच्या पाण्यापेक्षा कैक पटींनी बरं. रेल्वेने पुण्याला जाताना आम्हीही एक डबा बरोबर घेतो. आता मागची बाजू पूर्ण वाचून. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की निम्मं काम होतं. आणि 'साखर नाही' लिहिलेल्या डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पावडर) कितव्या नंबरावर आहे तेही बघतो.

महिन्याने ९.८ आलं. तीन महिन्यांनी ११.४. थेंब आणखी दोन महिने चालू ठेवायला सांगितलेत, साठा भरायचा असतो म्हणून. तुळशीची माती कधी सुटली, ते आमच्या लक्षातच आलं नाही. मध्ये एकदा आईच म्हणाली, कुंडीत आताशा बोटांची भोकं दिसत नाहीत.

गेल्या रविवारी कामाटीबागेतून येताना मी लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव उसळ घेतली. मनू कडेवर होती. मी पाव तोडत होतो तेवढ्यात तिने वाटीत बोट घातलं आणि एक वाटाणा काढला. तरीत माखलेला, चांगला तिखट. तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. मी घाईघाईने बाटलीतलं पाणी दिलं. पाणी प्यायली, हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि पुन्हा वाटीत बोट घातलं.