दोन वर्षांच्या आतलं मूल आणि परदेशातलं शहर
आजचा अख्खा दिवस आखणीत गेला. सगळ्यात आधी बघायची ती मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाची तारीख! बहुतेक विमान कंपन्या 2 वर्षं पूर्ण होईपर्यंतच मांडीवर बसू देतात. वाढदिवस सहलीच्या मधेच आला, तर परतीला वेगळी सीट घ्यावी लागते.

झोपेचं गणित त्याहून अवघड. तिथल्या वेळेशी जुळवून घेताना शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं. पश्चिमेकडे गेलात तर मूल पहाटे 3-4 लाच टक्क जागं होतं, म्हणून त्याला संध्याकाळच्या उजेडात बाहेर ठेवा. पूर्वेकडे गेलात तर रात्री झोपतच नाही. तिथे सकाळचं ऊन कामी येतं. दिवसाला मोठं ठिकाण एकच, तेही सकाळी. दुपारची झोप खोलीवर, म्हणून हॉटेल मध्यवर्तीच हवं. थोडं महाग पडलं तरी चालेल, हे माझं ठाम मत.

स्ट्रोलर हलका, एका हाताने मिटणारा घ्या. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही.

आणि विमान खाली उतरू लागलं की मुलाला दूध किंवा पाणी पाजत राहा. गिळल्याने कानाची नळी उघडते, दडा बसत नाही. त्यासाठी झोपलेलं असेल तरी उठवा.