पाटे वाढवलेली गाडी

विमा सर्वेअरची आणि गाडीची भेट ती उलटल्यावरच होते. मागच्या टोमॅटोच्या हंगामात आळेफाट्याजवळच्या एका गॅरेजात असाच एक छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस हा मालाचा छोटा टेम्पो, बघायला गेलो. नारायणगावहून क्रेट भरून निघाला, वळणावर कठड्याला घासून आडवा झाला. चालकाचा पाय गुडघ्याखाली मोडला. या गाडीला नाक जेमतेम वीतभर. गुडघ्यापुढे पत्रा, पत्र्यापुढे रस्ता.

बंपर, काच, दरवाजा कोणीही मोजेल. मी आधी मागे खाली वाकतो. कमानीतले, म्हणजे मागच्या स्प्रिंगमधले, दोन पाटे (पोलादी पट्ट्या) बाकीच्यांपेक्षा कमी गंजलेले, ते आवळणारे यू-बोल्ट नवे नि लांब, आटे नटाबाहेर बोटभर. पाटे वाढवले की कितीही माल भरा, गाडी बसत नाही, ऐटीत उभी राहते. ब्रेक मात्र तेच, टायर तेच बारा इंची, आणि क्रेटची थप्पी टपाच्याही वर. वळणावर ती कलली की स्टिअरिंगच्या हाती काही राहत नाही. गॅरेजवाले हे काम बिनदिक्कत करतात, वर पक्कं बिल देतात.

गाडी चालकाच्या बायकोच्या नावावर. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "साहेब, गाडी कमजोर नव्हती. ह्यांनी मुद्दाम पाटे वाढवून घेतले होते." बिलही फाइलीत जपून ठेवलेलं.

2005 साली टाटांनी ही गाडी आणली आणि तीनचाकीवाल्यांना चार चाकं परवडू लागली. बोळात वळते, बांधापर्यंत जाते. मोटारीच्या लायसन्सवर चालते, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा पक्कं केलं. पण मूळ मॉडेलची क्षमता 750 किलो, आणि इथे वीस किलोचे साठ क्रेट. म्हणजे 1200 किलो, रिकाम्या क्रेटचं वजन सोडून.

हे तिला सांगितलं तर तिने बाजारातली पावती पुढे केली. "साठ लिहिलेत ना इथं? कोणी म्हणलं का, पस्तीसच घाला म्हणून? पस्तिसात डिझेल नि हप्ता दोन्ही निघत नाही, साहेब."

माझ्या फॉर्मात बाजारासाठी रकाना नाही. जादा भार, बदललेल्या कमानी, एवढं लिहिलं. जादा भार लिहिला की दावा नॉन-स्टँडर्ड होतो, मंजूर रकमेच्या फार तर 75 टक्के मिळतात. पाट्यांच्या बिलाची झेरॉक्स लागणार होती. समोरच्या दुकानातून ती स्वतःच काढून घेऊन आली, दोन प्रती.